मदत हवी आहे: फक्त गावाकडून आलेल्या सॅम्पलमध्येच पोटॅशियम वाढून येतंय

नमस्कार मंडळी, चोपड्याला एका दवाखान्यातली छोटी लॅब सांभाळते, डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालंय, सोबत एक हेल्पर आणि सॅम्पल आणणारा मुलगा एवढाच कारभार. एप्रिल लागल्यापासून एक भानगड चालू आहे. अडावद धानोराकडचे पेशंट तिकडेच ब्लड देतात, सकाळी आठ नऊला घेतलेलं सॅम्पल गाडीवर आमच्याकडे यायला दुपारचा एक होतो, आणि त्यांचं पोटॅशियम ५.६, ५.९, परवा तर ६.१. पेशंट ठणठणीत, केळीच्या बागेत कामाला जातोय. दवाखान्यात समोर घेतलेलं सॅम्पल लावलं की मात्र ४ च्या आसपास.

आधी वाटलं हेमोलिसिस (लाल पेशी फुटणं), पण सिरम (गोठलेल्या ब्लडवरचं पाणी) एकदम स्वच्छ, लाल झाक अजिबात नाही. कंट्रोल (मशीन तपासायचं ठरलेल्या व्हॅल्यूचं सॅम्पल) रोज लावते, दोन्ही लेव्हल रेंजमध्ये. सर म्हणे मशीनच गंडलंय, मग इंजिनिअर आला, कॅलिब्रेशन केलं, बिल दिलं आणि गेला, फरक शून्य. पारा ४४ च्या वर म्हणून सॅम्पल बर्फाच्या डब्यात ठेवून आणतो आम्ही, एवढं जपून पण असं का होतंय?

भुसावळकर: ताई, तिकडे ब्लड घेणारा बल्ब (ब्लडच्या ट्यूब) कोणत्या क्रमाने भरतो? आधी ईडीटीए (ब्लड गोठू न देणारं केमिकल) वाला भरून मग सुई तशीच प्लेन बल्बला लावली, किंवा प्लेनमध्ये कमी पडलं म्हणून ईडीटीएतलं थोडं ओतलं (असले कलाकार असतात), तर पोटॅशियम वाढणारच, कारण ईडीटीए पोटॅशियमचंच मीठ असतं. त्याच सॅम्पलचं कॅल्शियम लावून बघा, खूप कमी आलं तर हाच प्रकार.

धागाकर्ती: लावलं दादा. कॅल्शियम ९.३, अल्कलाइन फॉस्फेटेज (ईडीटीए मिसळलं तर हे पण उतरतं) पण नॉर्मल. म्हणजे ते नाही.

तापीकाठ: बरफनी भानगड शे ताई! सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या न करता अख्खं ब्लड बर्फात ठेवलं की पेशीतला सोडियम पोटॅशियमचा पंप थंडीने गारठतो आणि आतलं पोटॅशियम हळूहळू सिरममध्ये झिरपतं. पेशी फुटत नाहीत म्हणून सिरम लाल दिसत नाही, आणि कंट्रोल बिचारा बर्फात बसून येतच नाही, तो रेंजमध्येच राहणार. मशीनचा दोष नाही.

पण म्हणून उघड्यावर पण आणू नका, गरमीत पेशी साखर खात बसतात, न फिरवलेल्या ब्लडमध्ये तासाला ५ ते ७ टक्के शुगर उतरते, उन्हाळ्यात त्याहून जास्त. शुगरला फ्लोराईड बल्ब (पेशींचं साखर खाणं रोखणारा) ठेवा, तरी पहिल्या तास दोन तासात थोडी उतरतेच, फ्लोराईडचा परिणाम व्हायला वेळ लागतो. बाकीसाठी जेलवाला बल्ब (फिरवल्यावर पेशी आणि सिरमच्या मध्ये जेलचा थर बसतो तो) घ्या, अर्धा तास क्लॉट होऊ द्या, तिथंच फिरवा आणि मग थंड करून आणा. एकदा फिरवलेला जेल बल्ब लॅबमध्ये परत फिरवायचा नाही, जेलच्या खालचं पोटॅशियम वर येतं.

खात्री करायची तर स्टाफमधल्या एकाचे दोन प्लेन बल्ब घ्या, एक अर्ध्या तासाने फिरवून लावा, दुसरा चार तास बर्फात ठेवून.

भुसावळकर: हे पटलं. आणि ६.१ वाल्याला रिपोर्टवर शेरा मारून सोडू नका, आजच बोलवा, समोर ताजं ब्लड घ्या, सरांना ईसीजी करायला सांगा. खरंच वाढलेलं असलं तर? शिवाय तो मुलगा सुईला परत टोपण लावत असेल तर आधी ते बंद करा, सुई कटरने कापायची आणि पांढऱ्या पंक्चरप्रूफ डब्यात टाकायची. त्याला हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस झालेत का ते पण विचारा. आणि पाण्याची बाटली सॅम्पलच्या बर्फाच्या डब्यात नको, आमच्याकडे सर्रास चालायचं ते.

धागाकर्ती: हेल्परचंच ब्लड घेतलं. लगेच फिरवलेलं ४.२, बर्फातलं ५.१! सरांना दोन्ही प्रिंट दाखवले, गप्पच झाले. ६.१ वाले काका येऊन गेले, ताजं ४.४, ईसीजी नॉर्मल. बाकीच्या वाढीव वाल्यांना पण फोन लावतेय, तोवर गावाकडचं पोटॅशियम घेणं बंद. बाटली डब्यातच होती दादा, काढायला लावली. आता अडावदला छोटा सेंट्रीफ्यूज ठेवायचा म्हणतोय, पण तिकडे दुपारी लाईट जाते, घरच्या इन्व्हर्टरवर आठ बल्बवालं मशीन चालतं का? कोणी चालवत असेल तर सांगा.