रात्री उशिरापर्यंत चालणारे बार आणि आपली झोप : तुमचे अनुभव लिहा

खाडीकाठची
काल नाताळच्या रात्री अडीच वाजता आमच्या गडग्यावर बाटली फुटली आणि २०१७ चा एप्रिल आठवला. महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको, हा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागू झाला आणि हायवेवरचा परमिट रूम उठून आमच्या आळीत आला. आदेश अपघात टाळण्यासाठी होता, बरोबरच होता. पण आळीला कुणी विचारलं नाही. आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली. समुद्राची गाज ऐकत झोपायची तिची जन्माची सवय. शटर साडेअकराला पडायचं, मग सगळे आमच्या पाणंदीत. गाड्यांची दारं, गाणी, शिव्या. आजी विचारायची, "कुणाचं लगीन आहे गो?" मी हो म्हणायचे. मेअखेरीस गेली ती. शेवटचे दोन महिने तिला गाज ऐकू आली नाही, हे अजून सलतं.
तुमच्याकडे काय परिस्थिती?

माडाखाली
गे बाय, वाचून रडाक इला. आमच्या आवशीचा पण ह्याच. रातची जागी, दुपारी झोपता. डॉक्टर झोपेची गोळी देतत. दुसऱ्यांच्या गोंधळाची गोळी आवशीन कित्याक खावची? पर्यटक इले तर चार पैसे गावतत, ता खरा. पण रातचे दोन?

सुपारीबाग
आम्ही गावातली दारू बंद करायच्या मतदानासाठी, म्हणजे आडवी बाटलीसाठी फिरलो होतो. एक चतुर्थांश महिला मतदारांच्या सह्या लागतात, त्या आठवड्यात जमल्या. पण मतदानात आडव्या बाटलीला यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्त मतं हवीत, आलेल्यांच्या नव्हे. आपल्या कोकणात यादीतल्या कितीजणी गावात असतात? माझ्या दोन्ही जावा विरार-नालासोपाऱ्याला. गणपतीत असत्या तर जिंकलो असतो! मतदान भर पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत. जी आली नाही तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला गेल्यासारखंच. आलेल्या जवळपास सगळ्यांनी आडवीला दिलं, तरी हरलो. पुन्हा करायचंय, तारीख गणपतीजवळ मागून घेणार.

दर्यावर्दी७२
सुपारीबाग ताई, पुढच्या वेळी सांगा, आमच्या बचतगटातल्या येतील फिरायला.

शेवंती
माझे मिस्टर परमिट रूमला वेटर आहेत. २४, २५, ३१ डिसेंबरला बारला पहाटे ५ पर्यंत मुभा मिळते. उद्या-परवा लोक विसरतील, पण हे साडेपाचला निघून घाटातून बाईकने येतात, समोरून रात्रभर प्यायलेले पर्यटक. मी चूल पेटवून दारात बसते. ३१ ची रात्र मला सणासारखी कधी वाटलीच नाही. आमचं घर त्याच पगारावर चालतं, म्हणून बार बंद करा असं माझ्या तोंडून निघत नाही. वेळेत बंद करा, एवढंच.

खाडीकाठची
शेवंती, तुझं वाचून गप्प झाले. ३१ ला जागी असशील तर मेसेज कर गं, मीही जागीच असणार.

वाळूतली_पावलं
आमच्याकडे कासवांची घरटी होतात. पिल्लं अंधारात समुद्राच्या उजेडाकडे चालतात. किनाऱ्यावरच्या बारचे दिवे रात्रभर चालू राहिले की उलटी वळतात, माडांकडे. मागच्या मार्चमध्ये सात पिल्लं रस्त्यावर सापडली, दोन चिरडलेली. मुलगी दोन दिवस जेवली नाही.

नाखवा
रात्री १० नंतर स्पीकर चालत नाही, नियम आहे. ११२ ला फोन करतो. गाडी आली की आवाज खाली, गाडी वळली की परत वर. पहाटे ४ ला होडी काढायची असते, झोपायचं कधी? डुलकी लागली तर जाळ्यात पाय अडकतो.

अनघा_दापोली
जानेवारीत कर्दे किंवा मुरूडला शांत घरगुती सोय आहे का कुठे? सासूबाई सोबत आहेत, खाली खोली हवी.

माडाखाली
व्यनि (खासगी निरोप) केलंय. बांगडो येता-जाता मिळात, आधी सांगून ठेवा.

सुपारीबाग
अनघा, जानेवारीत शनिवार-रविवार सोडून ये. मंगळवारी गाज ऐकू येते अजून.