कोळ्याचे विषदंत
कोळी भक्ष्य चावून खातो असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. विषदंत टोचायला असतात, खाणं म्हणजे आधी भक्ष्यावर पाचकरस सोडायचा आणि विरघळलेलं शोषून घ्यायचं, काही कोळी सोबत चिरडतातही पण घन तुकडे तोंडाशीच गाळले जातात.

आणखी एक गोष्ट म्हणजे विषदंतांची दिशा. टॅरंटुलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची, कात भिंगाखाली बघितली होती मी, अख्ख्या विषदंतांचं कवचसुद्धा कातीबरोबर निघालेलं, काळं चकचकीत, टोकाजवळ विषाचं बारीकसं छिद्र! त्याचे दोन्ही दंत समांतर, कुदळीसारखे वरून खाली बसतात, घरातल्या साध्या कोळ्याचे मात्र चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. आणि विंचवाच्या मोठ्या नांग्या म्हणजे कोळ्याचे विषदंत ज्यांच्या टोकाला असतात ते अवयव नव्हेत बरं का, विंचवाचे ते अवयव तोंडाशी असतात, अगदी इवलेसे.