आधी गणित, मग फिजिक्स?
"कॅल्क्युलस, लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स सगळं संपवा, मगच फिजिक्सचं पुस्तक उघडा" असं घरी स्वतः फिजिक्स शिकणाऱ्यांना सुचवलं जातं, ते ऐकायला पटतं, पण डिग्री चालू असताना जमत नाही. (माझा विषय अकाउंट्स, फिजिक्स निव्वळ हौस.) मी एक अख्खी सेमिस्टर नुसती गणितं सोडवण्यात घालवली. परीक्षा आली, महिनाभर वही बंद, आणि परत उघडली तेव्हा टेलर सिरीज (साइनसारखं फंक्शन साध्या पदांच्या बेरजेत मांडायची पद्धत) कशाशी खातात तेही आठवेना.

मग वैतागून उलटं केलं. १ मीटर दोऱ्याला जड नट बांधून लंबक केला. सूत्राप्रमाणे एका आंदोलनाला २ सेकंदांच्या आसपास लागायला हवेत. जरासाच ओढून सोडला तर १० आंदोलनांना २० सेकंद, अगदी बरोबर. ६० अंशांतून सोडला तर मात्र २१ च्या पुढे! आधी वाटलं, स्टॉपवॉच दाबायला चुकतोय. तीनदा केलं, तेच. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की सूत्र काढताना साइन थीटाच्या (थीटा म्हणजे दोऱ्याचा उभ्या रेषेशी कोन) जागी सरळ थीटा, म्हणजे त्याच्या टेलर सिरीजचं फक्त पहिलं पद, घेतलेला असतो. ६० अंश म्हणजे १.०४७ रेडियन, पण त्याचा साइन फक्त ०.८६६. परत खेचणारं बल सूत्राने धरलंय त्याहून कमी, म्हणून झोका रेंगाळतो. टेलर सिरीजची पुढची पदं कशाला असतात ते त्या संध्याकाळी कळलं आणि अजून विसरलेलो नाही. व्हेक्टर कॅल्क्युलसशिवाय (दिशा असलेल्या राशींचं कॅल्क्युलस) इलेक्ट्रोमॅग्नेटिझमला हात लावू नका हे मात्र मान्य, तिथे मी तोंडावर आपटलोय.