एका रिपोर्टवर निर्धास्त होऊ नका

उपाशीपोटी साखर ९८ आली म्हणजे मधुमेह नाहीच, असं काही जण म्हणतात. इतकं सरळ नसतं ते. काहींची साखर उपाशीपोटी ठीक येते आणि जेवणानंतर चढते. म्हणून एचबीएवनसी ही रक्ततपासणी पण बघतात. त्यात साधारण दोन-तीन महिन्यांची साखरेची सरासरी कळते. ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह, लक्षणं नसतील तर खात्रीसाठी पुन्हा तपासणी. रक्तक्षय असेल तर मात्र हाही आकडा फसवू शकतो, डॉक्टरांना आधीच सांगा.

बीपीचं तर विचारूच नका! जिना चढून आल्या आल्या, गप्पा मारत, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेलं रीडिंग काय कामाचं? ५ मिनिटं पाठ टेकून शांत बसा, हात छातीच्या पातळीला, मग दोनदा मोजा. घरी सातत्याने १३५/८५ च्या वर येत असेल तर रीडिंग लिहिलेली वही घेऊनच डॉक्टरांकडे जा.