अनुभव धागा : मॉनिटरचा बॅकलाइट गेला तेव्हा

एलसीडी पॅनेल स्वतः प्रकाश देत नाही. त्याच्या मागचा बॅकलाइट विझला की चित्र उमटत असूनही पडदा काळा दिसतो, आणि दुरुस्त होऊ शकणारा मॉनिटर भंगारात जातो. आपण हा दोष कसा ओळखला आणि पुढे काय केले, ते कृपया सविस्तर लिहावे.

*

माझा जुना 19 इंची मॉनिटर सुरू केल्यावर दोन सेकंद उजळे आणि मग काळा होई. हिरवा दिवा मात्र तेवत राही. अंधाऱ्या खोलीत टॉर्च तिरकी धरल्यावर पडद्यावरचे आयकॉन अंधूक दिसले, तेव्हा पॅनेल आणि संगणक दोन्ही ठीक असल्याची खात्री पटली. अशा जुन्या मॉनिटरमध्ये बॅकलाइटसाठी सीसीएफएल (ट्यूबलाइटसारख्या बारीक) नळ्या असतात, आणि त्यांना शेकडो व्होल्ट पुरवणाऱ्या, मॉनिटरमधल्याच इन्व्हर्टर सर्किटला नळीत किंवा वीजपुरवठ्यात बिघाड जाणवला की तो संरक्षणासाठी सगळ्याच नळ्या बंद करतो. मागचे कव्हर काढले, तर पॉवर बोर्डावरील दोन कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या नळकांडीसारख्या भागांची) डोकी फुगलेली होती. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून तितक्याच मायक्रोफॅरडचे (क्षमतेचे) आणि तितक्याच व्होल्टचे, 105 अंश सेल्सिअसपर्यंत चालणारे लो-ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले) कपॅसिटर आणले, धन-ऋण टोके पाहून सोल्डर केले, आणि पडदा उजळला तो आजतागायत. कळकळीची विनंती अशी की, प्लग काढल्यानंतरही मुख्य कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टपेक्षा अधिक दाब उरलेला असू शकतो, त्यामुळे मीटरने मोजल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये.

*

माझ्या मॉनिटरवर महिनाभर आधीपासून सुरुवातीची काही मिनिटे तांबूस छटा येत असे. नळ्याच जीर्ण झाल्या होत्या. त्यांत पारा असतो, म्हणून त्या न फोडता मॉनिटर अखंड ई-कचऱ्यात दिला.

*

लॅपटॉपचे झाकण हलवले की प्रकाश ये-जा करी. बिजागरीपाशी केबल चिरडली होती. ती बदलल्यावर प्रश्न मिटला.

*

माझा मॉनिटर एलईडी बॅकलाइटचा होता. पट्टीतील एलईडी एकसर जोडलेले असल्याने एक जळाला की ती संपूर्ण माळ विझते, हे ठाऊक होते, म्हणून मी पट्टी बदलण्याचे ठरवले. पट्टी मिळाली, परंतु तिथवर पोहोचण्यासाठी पॅनेलची काच आणि प्रकाश पसरवणारे पातळ पडदे एकेक करून उचलावे लागतात, आणि त्या खटाटोपात काचेच्या कडेची नाजूक रिबन (चित्राचे संकेत नेणारी चपटी केबल) फाटली. नवी पट्टी लख्ख पेटली. पडद्यावर मात्र आता उभ्या रेघा आहेत.