लेखकाचं नाव नसलेल्या ऑनलाइन पानांचा संदर्भ कसा द्यायचा? (एपीए ७, मराठी शोधनिबंध)

पायताण_अभ्यास
कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यानंतर कारागिरांच्या बाजारात काय बदललं यावर मराठीत शोधनिबंध लिहितोय. मार्गदर्शकांनी एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) या संदर्भ देण्याच्या शैलीची सातवी आवृत्ती वापरायला सांगितली आहे. अडचण अशी की निम्म्या संदर्भांना लेखकच नाही. शासन निर्णय आहे, पत्र सूचना कार्यालयाचं प्रसिद्धिपत्रक आहे, नुसतं 'प्रतिनिधी, कोल्हापूर' लिहिलेली बातमी आहे, विश्वकोशातली नोंद आहे आणि तारीखही नसलेली दोन-तीन पानं. सगळ्यांपुढे 'अनामिक' लिहिलं तर चालेल का?

तळटीप
'अनामिक' लिहू नका. लिखाणावरच तशी सही असेल तरच एपीएत तो शब्द लेखकाच्या जागी येतो.

आधी बघा, पान नेमकं कुणाच्या जबाबदारीवर निघालंय. माणसाचं नाव नसलं तरी बहुतेक वेळा मागे संस्था असते, आणि मग संस्थाच लेखक. उदाहरणार्थ, संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळाच्या संकेतस्थळावरचं पान घेतलंत तर लेखक म्हणून महामंडळाचं पूर्ण नाव द्या. लेखक आणि संकेतस्थळ एकच असेल तर संकेतस्थळाचं नाव पुन्हा लिहायचं नाही.

संस्थाही सापडली नाही, तरच शीर्षक लेखकाच्या जागी येतं: शीर्षक, मग कंसात तारीख, मग संकेतस्थळाचं नाव, मग पानाचा पत्ता (यूआरएल). निबंधाच्या मजकुरात संदर्भ देताना शीर्षकाचे पहिले दोन-चार शब्द आणि वर्ष. संदर्भयादीत शीर्षक तिरप्या अक्षरात असेल तर मजकुरातही तिरपं; यादीत सरळ असेल तर मजकुरात दुहेरी अवतरणात. तुमची बातमी छापील वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरची असेल तर वर्तमानपत्राचं नाव तिरपं आणि बातमीचं शीर्षक सरळ. फक्त ऑनलाइन चालणाऱ्या वृत्तस्थळाची असेल तर उलट. 'प्रतिनिधी' हे लेखकाचं नाव नव्हे, तिथं शीर्षकच पुढे आणा.

ग्रंथालय_खिडकी
शासन निर्णयाबद्दल नीट सांगतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथंच होतो. खाली 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' असं लिहून उपसचिव किंवा कक्ष अधिकाऱ्याची सही असते. ते अधिकारी लेखक नाहीत आणि राज्यपालही नाहीत. लेखक म्हणजे विभाग, प्रकाशक महाराष्ट्र शासन. मांडणी अशी:

विभागाचं नाव. (वर्ष, महिना दिवस). निर्णयाचा विषय (शासन निर्णय क्र. …). महाराष्ट्र शासन. पत्ता

विभागांची नावं बदलत राहतात, म्हणून कागदावर त्या दिवशी जे छापलंय तेच घ्या, आजचं नाव नको. शेवटच्या परिच्छेदात संगणक सांकेतांक असतो, तो टिपून ठेवा. दुवा तुटला तरी त्या आकड्यावरून निर्णय पुन्हा शोधता येतो.

पीडीएफच्या गुणधर्मात 'लेखक' म्हणून एखादं नाव दिसतं, ते उचलू नका. बऱ्याचदा फाइल टंकलिखित करणाऱ्याचं किंवा त्या संगणकाचं नाव असतं.

प्रसिद्धिपत्रकावर वरच मंत्रालयाचं नाव असतं. मंत्रालय लेखक, पत्र सूचना कार्यालय प्रकाशक. पत्रकाचा क्रमांकही द्या.

विश्वकोशाची नोंद मात्र तुमच्या 'लेखक नसलेल्यां'च्या यादीतून बाहेर काढा. तिला लेखक असतो, नाव नोंदीच्या तळाशी असतं. नव्या नोंदींत जवळच 'समीक्षक' म्हणून दुसरं नाव येतं, ते लेखक समजून घेऊ नका.

पायताण_अभ्यास
सर, तारखेचं काय करू? एका पानाच्या तळाशी स्वामित्वहक्काचं वर्ष आहे, ते चालेल का?

तळटीप
नाही. ते वर्ष अख्ख्या संकेतस्थळाचं असतं, त्या पानाचं नव्हे. 'शेवटचा बदल' अशी तारीख त्याच मजकुराची आहे असं स्पष्ट दिसत असेल तर घ्या. 'शेवटची तपासणी' घेऊ नका, तपासलं म्हणजे मजकूर बदललाच असं नाही. काहीच नसेल तर इंग्रजी निबंधात 'एन.डी.' (नो डेट), मराठीत 'दिनांक नाही' किंवा विभागाने ठरवलेलं लघुरूप, पण सगळीकडे एकच. एकाच संस्थेची तारीख नसलेली दोन पानं असतील तर इंग्रजीत 'एन.डी.-ए', 'एन.डी.-बी' असं जोडरेघ देऊन वेगळं करतात. मराठीत 'दिनांक नाही-अ', '-ब' करा.

पाहिल्याची तारीख प्रत्येक नोंदीला लावायची नाही. जे पान मुद्दाम बदलत राहतं, त्याच्या जपून ठेवलेल्या प्रतीचा दुवा देता येत नसेल तरच लावा.

पंचगंगाकाठ
भावा, विकिपीडियाचं पान वापरत असशील तर इतिहासाच्या पानावर जाऊन जी आवृत्ती वाचलीस तिची तारीख-वेळ दाब. उघडलेल्या पत्त्यात त्या आवृत्तीचा क्रमांक येतो. तोच पत्ता आणि तीच तारीख दे.

बाकीची पानं वाचतानाच वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपून ठेवणारं संकेतस्थळ) साठव. निबंध सादर करायच्या आदल्या रात्री पान गायब झालेलं कळलं तर हातात काही उरत नाही. साठवल्यावर पत्त्यात चौदा आकडे येतात: वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. ती वेळ जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे साडेपाचच्या आत साठवलंस तर तिथं आदल्या दिवसाची तारीख दिसेल, गोंधळू नकोस.

ग्रंथालय_खिडकी
एक गोष्ट ठामपणे सांगतो. चपलेचा इतिहास 'बाराव्या-तेराव्या शतकापासून' असं पानापानावर मिळेल, लेखक नाही, संस्था नाही, आधार नाही. अशा पानाचा संदर्भ नियमात बसवता येतो, पण त्यावर विधान उभं करू नका. चेन्नईच्या भौगोलिक मानांकन नोंदणी कार्यालयाचे अर्जाचे कागद वाचा. मानांकनात येणारे महाराष्ट्र आणि कर्नाटकातले मिळून आठ जिल्हे कोणते, हे तिथून घेतलंत तर परीक्षकाला थेट तपासता येईल.

पायताण_अभ्यास
झोटेरोत (संदर्भ साठवून यादी बनवणारं सॉफ्टवेअर) महामंडळाचं नाव टाकलं तर ते आडनाव आणि नाव असं तुटतं. काय करू?

तळटीप
लेखकाच्या रकान्याशेजारी दोन रकाने की एक, हे बदलायचं छोटं बटण आहे. ते दाबून एकच रकाना करा आणि पूर्ण नाव त्यात भरा. तारीख नसलेल्या नोंदीत तारखेचा रकाना रिकामाच ठेवा. एपीए शैलीत झोटेरो 'एन.डी.' स्वतः घालतं. मराठी लघुरूप हवं असेल तर यादी वर्डमध्ये पक्की झाल्यावर, झोटेरोची जोडणी तोडून, शेवटी एकदाच शोधून बदला. आधी बदललंत तर झोटेरोने यादी पुन्हा ताजी (रिफ्रेश) केली की सगळं पुन्हा इंग्रजी होतं.