प्रतिसाद: पहिला मॅन्युअल फिल्म कॅमेरा – के१००० की एई-१?

शिकण्यासाठीच घ्यायचा असेल तर माझं मत पेंटॅक्स के१०००ला. कॅनन एई-१चं शटर (फिल्मपुढे उघडझाप करणारे दोन पडदे) इलेक्ट्रॉनिक आहे; ६ व्होल्टची बॅटरी संपली की कॅमेरा ठप्प. के१०००मध्ये एलआर४४ हा बटणाएवढा सेल फक्त मीटरसाठी, म्हणजे प्रकाश मोजायला लागतो, शटर त्याच्याविना सगळ्या वेगांवर चालतं. मीटरला बंद करायचं बटण मात्र नाही, उजेडात सेल संपत राहतो, म्हणून काम झालं की लेन्सला झाकण लावायचंच. निकॉन एफएमही असाच यांत्रिक, बांधणीला अधिक दणकट.

पण जुन्या कॅमेऱ्यात मॉडेलपेक्षा हातात येणारा नग कसा आहे ते महत्त्वाचं. लेन्स काढा, मागचं दार उघडा, उजळ भिंतीकडे धरून १/१००० सेकंदावर शटर उडवा. क्षणभर पूर्ण चौकट दिसली पाहिजे. एक बाजू काळी राहिली तर शटरचे दोन पडदे सारख्या वेगाने धावत नाहीत, फोटोतही तो काळा पट्टा येणार. मग १ सेकंद लावून बघा. मध्येच अडखळलं तर आतलं वंगण सुकलंय, सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.

दाराच्या खाचेतला, प्रकाश अडवणारा फोम बोटाला चिकटला तर घाबरू नका, तो घरी बदलता येतो. लेन्समध्ये टॉर्च मारून पाहा: थोडी धूळ चालेल, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी नको. ॲपर्चरच्या (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या) पात्यांवर तेल दिसलं तर ती सावकाश मिटतात आणि फोटो जास्त उजळ येतात.

विकणारा "टेस्ट केलेला नाही" म्हणत असेल तर बंद पडलेला समजूनच किंमत द्या.